परतीची खिडकी

डी मॉइनच्या बाहेर, हायवेला लागून,
विमानतळाएवढ्या दुकानात
शिरल्या शिरल्या डाव्या हाताला मी.
निळं जाकीट, छातीवर बिल्ला: सुलू.
सुलोचना मावत नाही, मॅनेजर म्हणाली.
शेजारचा ख्रिस्टोफर मावला, अकरा अक्षरांसकट.

माझं काम: लोकांनी नेलेलं परत घेणं.

पहिल्या आठवड्यात हातच पुढे होईना.
वडिलांच्या कापडदुकानात गल्ल्यामागे पाटी होती,
'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'
त्या पाटीखाली मी लहानाची मोठी झाले,
लग्नसुद्धा तिच्याच खाली झालं म्हणा ना.

इथे पाटी नाही.
इथे जानेवारीत नाताळचं झाड घेऊन येतात,
सुया गळालेलं. वाळलं, म्हणतात.
सुपर बोलच्या दुसऱ्या दिवशी भिंतीएवढे टीव्ही,
रिमोटला चिप्सचा मसाला.
एकाने अर्धं कलिंगड आणलं. गोड नव्हतं.
उरलेलं अर्धं कुठे गेलं, हे विचारायची सोय नाही.
पैसे परत, वर सॉरीही आमचंच.

आपले लोक लांबूनच ओळखू येतात.
पावती पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत,
थर्माकोल जागच्या जागी,
आणि मी तोंड उघडायच्या आत खुलासा:
मिक्सर चांगलाच आहे हो, पण दिरांनी आधीच घेतला होता,
आणि आमच्या ह्यांना आवाज सहन होत नाही.
कारण लागत नाही, मी म्हणते.
मिसेस गोलापल्लींना ते पचत नाही.
तेवढ्याच पैशांचं काहीतरी घेतात,
मगच दाराबाहेर पडतात.

कारण लागतं ते कॉम्प्युटरला. चार बटणं:
सदोष. साईझ चुकला. आवडलं नाही. इतर.

दिवसभर रिटर्न, रिटर्न.
रात्री कांदा परतताना
आपलं आपल्यालाच हसू येतं.

मंगळवारी वेंडेल हॉफस्टेटर आले.
चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेले,
अजूनही वळायच्या आधी तिन्हीकडे बघतात.
काउंटरवर मोठ्या आकड्यांचा फोन ठेवला.
खोकं उघडलेलं, फोन कोरा.
मार्लीनला आकडे दिसेनासे झाले होते, म्हणाले.
दिसेनासे झाले होते.
मी त्या 'होते'पाशी अडले. मागची रांग अडली नाही.
आय ॲम सॉरी, म्हणाले मी,
कलिंगडाला म्हणते तेच. दुसरं काही नव्हतं माझ्याकडे.
ते म्हणाले, यू बेट.
मग म्हणाले, रात्री वारा सुटणार आहे.

नव्वद दिवस उलटलेले. पडदा लाल झाला.
मी 'इतर' दाबलं,
मॅनेजरने दुसरीकडे बघत आपलं कार्ड फिरवलं.
एकोणचाळीस डॉलर अठ्ठ्याऐंशी सेंट.
त्यांनी मोजले नाहीत.

ते गेल्यावर खोक्याच्या झाकणात चिठ्ठी सापडली,
ठळक, एकेक अक्षर सुटं, दुरून वाचता येईल अशी:
१ मी
२ मी, गॅरेजमध्ये
३ डॉक्टर
४ पुन्हा मी

पार्किंगमध्ये मी धावतच गेले, जाकिटावर कोट न घालता.
ट्रक सुरू झाला नव्हता. काच टकटकली.
त्यांनी चिठ्ठी घेतली, वाचली,
उन्हाच्या झडपेत खोचली, जिथे बहुतेक लायसन्स असतं.
बराच वेळ काच वर केली नाही.
मला थंडी वाजायला लागली,
आणि निघताना तोंडातून सवयीने गेलं: येते.
यू टू, म्हणाले ते.

आत आले तर काउंटरवर एक बाई ताटकळत,
हातात दिवा.
उजेड फार पडतो म्हणे.